घोट्याजवळची खिडकी

रोसित्सा मिलचेवा हिला सोफियाच्या जुन्या भागातला दगड न् दगड ठाऊक होता, आणि ज्या दगडाला गोष्ट नव्हती त्याला तिने ती पदरची दिली होती. रोज सकाळी न्यायालयासमोरच्या सिंहांच्या पुतळ्यांपाशी उभं राहायचं, येतील तेवढे पाहुणे गोळा करायचे आणि दोन तास पायी फिरवायचे, हा तिचा अकरा वर्षांचा धंदा. त्याआधी ती शाळेत इतिहास शिकवायची. तिथे पोरं जांभया द्यायची. पाहुणे मात्र हसायचे, आणि हसणाऱ्या माणसांची एकदा चटक लागली की जिभेला लगाम राहत नाही.

मेतोदीदादाची गोष्ट अशीच जन्मली. शिश्मान रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्याचं दुकान. खिडकी फुटपाथला टेकलेली. पाण्याची बाटली हवी असेल तर गिऱ्हाइकाने गुडघ्यांवर बसायचं आणि आत तोंड घालून मागायची. जुनी कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा मेतोदीदादाची ट्राम डेपोतली फिटरची नोकरी गेली. तो त्या खिडकीमागे बसला तो बसलाच. पण ट्रामच्या फिटरला कोण हसणार? म्हणून रोसित्सा सांगायची, "हा गृहस्थ पूर्वी गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता. माणूस बुटांवरून ओळखायचा. राजवट गेली, सवय काही गेली नाही, म्हणून बूट दिसतील अशी जागा शोधून बसलाय." पाहुणे पोट धरून हसायचे आणि दादा खालून हात हलवायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. वर तो तिला रोज कॉफी पाजायचा.

मागच्या मंगळवारी कुणीतरी त्याला गोष्टीचा अर्थ सांगितला. त्या दिवशी खिडकीतून कॉफीचा हात बाहेर आला नाही, नुसता आवाज आला.

"रोसे, माझ्या बापाला त्या लोकांनी दोन वर्षं छावणीत दगड फोडायला लावले. आणि तू मला त्यांचाच खबऱ्या केलंस होय?"

खिडकीची झडप बंद झाली. तिथल्या तिथे गुडघे टेकायला हवे होते, हे तिला कळत होतं. पण मागे पाहुणे उभे होते. ती "चला, पुढे चला" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने शेजारची गल्ली धरली. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा निघून गेला.

या मंगळवारी पाइपांसाठी ती गल्ली नेमकी खणून ठेवलेली. चौदा पाहुण्यांना घेऊन तिला शिश्मान रस्त्यानेच यावं लागलं. दुकानाची झडप बंद होती. आणि वरच्या इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता.

सोफियात माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव दारावर, झाडावर, खांबावर लागतं. पाहुणे बिचकतात. दहाच मिनिटांपूर्वी रोसित्साने त्यांना समजावलं होतं, "घाबरू नका, यातले निम्मे केव्हाच गेलेत. खालची ओळ वाचा. चाळीस दिवस झाले, वर्ष झालं, दहा वर्षं झाली, की आम्ही नवा कागद लावतो." आता तिने स्वतः पाहिलं ते फक्त वरचं. झुपकेदार मिशी. मेतोदी किरिलोव गाइदारोव. मग डोळे भरून आले आणि खालची ओळ वाचायची राहूनच गेली.

आपण या माणसाला मेल्यावरही खबऱ्याच ठेवला, एवढंच तिच्या मनात आलं.

"हेच का त्या खबऱ्याचं दुकान?" टोपीवाल्या एका डच बाईने विचारलं. "मी वाचलंय याच्याबद्दल."

"नाही," रोसित्सा म्हणाली. "ती गोष्ट खोटी आहे. मी रचलेली. हा माणूस ट्राम दुरुस्त करायचा. याच्या बापाला त्या पोलिसांनी छावणीत डांबलं होतं. याने मला अकरा वर्षं कॉफी पाजली आणि मी चार लोक हसावेत म्हणून याची बदनामी केली. माफी मागायला माझ्याकडे आठवडा होता. आता हा माणूसच उरला नाही."

कुणी हसलं नाही. डच बाईने टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात इमारतीचं दार उघडलं आणि हातात पातेलं घेऊन, चांगला कोट घातलेला मेतोदीदादा बाहेर आला.

"रोसे, रडतेस कशाला? कोण गेलं?"

"तुम्ही," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग दारावरच्या कागदाकडे.

"हा माझा आजोबा. आज तीस वर्षं झाली. लिहिलंय ना खाली. अख्ख्या जगाला खालची ओळ वाचायला शिकवतेस आणि स्वतः फोटो बघून गळा काढतेस?"

"पण नाव..."

"मग थोरल्या नातवाला काय शेजाऱ्याचं नाव ठेवतात? किरिलचा मेतोदी, मेतोदीचा किरिल. आमच्या घरात तिसरं नाव कुणाला सुचलंच नाही. मिशी तेवढी फुकट मिळाली."

रोसित्सा तिथेच फुटपाथवर बसली. तिच्या स्वतःच्या वडिलांनीही तिला आपल्या आईचंच नाव दिलं होतं. तिला इतकं हलकं वाटत होतं की हसू आवरेना, आणि डोळ्यांचं पाणीही थांबेना.

दादा तळघरात उतरला. झडप उघडली, पण हात बाहेर आला नाही. काय करायचं ते रोसित्साला कळलं. चौदा पाहुण्यांसमोर तिने गुडघे टेकले आणि खिडकीत तोंड घातलं.

"दादा, माझं चुकलं. आत्ता या सगळ्यांना मी खरं काय ते सांगितलं."

"इंग्रजीत ना? ते मला कुठे कळतंय. आपल्या भाषेत सांग. पहिल्यापासून."

तिने सांगितलं. ट्रामचा डेपो, छावणी, कॉफी, शेजारची गल्ली, सगळं. मध्ये एकदाच तो म्हणाला, "फिटर नाही, मुख्य फिटर." तिने ते दुरुस्त केलं.

मग खिडकीतून एकेक कागदी कप वर येऊ लागला. पितरांसाठी शिजवलेले गहू, वर साखर आणि अक्रोड. चौदा पाहुण्यांना चौदा, पंधरावा तिला. ते खाण्याआधी गेलेल्या माणसासाठी बोलायचं असतं, तसं ती बोलली, "देव त्यांना क्षमा करो."

"त्यांचं देव बघेल," खालून आवाज आला, आणि कॉफीचा हात बाहेर आला. "तुझं मी बघितलं. घे, निवतेय."