एका बाईची दोन कार्डं

माझी नात संगणकावर एका दवाखान्याचं काम करते. पेशंट मोबाइलवरून नाव नोंदवतात, तारीख घेतात, असलं काहीतरी. परवा फोनवर तिला कुणीतरी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतं, यात नोंदी मावतील किती? ती म्हणाली, "लाखो मावतील, काळजी करू नका." तिने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मावतील किती ते सोड. एकच बाई दोन नावांनी आली, तर तुझ्या यंत्राला कळेल का?" ती हसली. मला हसू आलं नाही, कारण याच प्रश्नावरून मी एकदा नोकरी पणाला लावली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका क्षयाच्या दवाखान्यात मी कार्डं लिहायला होते. पेशंटमागे एक जाड पिवळं कार्ड. त्यावर नाव, गाव, किती सुया झाल्या, कोणत्या गोळ्या चालू, पुढची तारीख कोणती. कार्डं ठेवायला सागवानी कपाट, त्याला बारा खण. देऊळघाटापासून जळगाव जामोदपर्यंतचा सगळा खोकला त्या बारा खणांत होता.

पंचाईत व्हायची ती बायकांची. नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार नाहीत. एकेका गावात एकाच नावाच्या चार-चार. लग्नात नाव बदललेलं, म्हणजे माहेरी एक आणि सासरी दुसरंच. म्हणून मी कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने गोंदण लिहून ठेवायची. नाव बदलतं, गोंदण कोण बदलणार? आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. एकदा त्यांनी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे सरकारी कार्ड आहे, चित्रकलेची वही नाही. छापलेल्या रकान्यात बसेल तेवढंच लिहा." मी "हो साहेब" म्हटलं आणि लिहीत राहिले.

माझ्या तिसऱ्या वर्षी कपाट भरलं. खण ओढला की मध्येच अडायचा, बोटं चेमटायची. साहेबांनी फर्मान काढलं की सहा महिन्यांत जे फिरकले नाहीत, त्यांची कार्डं काढून जाळून टाका. "कपाटात मावतं तेवढंच मावतं, बाई."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "साहेब, जे येऊन राह्यले त्याहीले धुंडायची गरजच काय? जे येत नाईत त्याहीचीच कार्डं पायजेत ना!" राग आला की माझी वऱ्हाडी सुटायची. एरवी साहेब तिला हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. सोमवारपर्यंत खण मोकळे झाले नाहीत तर दुसरी बाई बघतो, म्हणाले. घरी माझ्या लग्नाची घाई केवळ या नोकरीमुळे थांबली होती. ती मला हवीच होती.

शनिवारी सकाळी मी खण घेऊन बसले, पण जाळायला नव्हे, वाचायला. एक कार्ड देऊळघाटचं निघालं. भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून, वय एकोणीस. पाच महिने नेमाने सुई घ्यायला आलेली, मग बंद. आम्ही पाठवलेल्या पोस्टकार्डाला सासरहून उत्तर आलं होतं, 'या नावाची बाई येथे राहत नाही.' ते उत्तर मीच कार्डाला टाचलं होतं. पाठीवर माझं अक्षर: 'डाव्या हातावर विंचू, नांगी नाही.'

हे तर मी परवाच लिहिलं होतं! नव्या कार्डांचा गठ्ठा उलटापालटा केला. गुरुवारी आलेली बाई, जळगाव जामोदकडची. नाव वेगळं, पुढे बापाचं नाव. 'यापूर्वी उपचार' या रकान्यात 'नाही'. आणि पाठीवर तोच विंचू.

ती तपासणीसाठी थांबलेली होती. व्हरांड्यात बापाशेजारी बसली होती. इतकी वाळली होती की गुरुवारी मला ओळखूच आली नाही. मी तिचा हात धरला. "नांगी काऊन राह्यली गं?"

"गोंदताना मी रडली बाई, हात वढून घेतला."

"मंग देऊळघाटची सून तूच ना?"

तिने तोंडावर पदर घेतला. "कोनाले सांगू नका. खोकला लपेना म्हनून त्याहीनं मले माहेरी आनून टाकलं. दवाई मधातच सुटली. खरं सांगतलं त तुमी हाकलून देसान."

हाकलायचं कसलं? उलट तिचं खोटंच तिच्या जिवावर उठलं होतं. साहेब तिला नवी पेशंट समजून तीच औषधं देणार होते, जी तिने पाच महिने घेऊन अर्धवट सोडली होती. ती आता लागू पडतील याचा भरवसा नव्हता.

दोन्ही कार्डं मी साहेबांच्या टेबलावर आपटली. त्यांनी पुढून वाचली, पाठीमागून वाचली. जुना एक्स-रे उजेडाला धरून नव्याशी ताडून पाहिला. मग नव्या कार्डावरच्या औषधांवर काट मारून दुसरी लिहिली.

"आणि बाकीची कार्डं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बाकीचे अजून आले नाहीत, साहेब. मी जाळणार नाही. दुसरी बाई बघा."

दुसरी बाई आली नाही. सोमवारी साहेबांनी आपल्या खोलीतलं फायलींचं कपाट रिकामं करून दिलं. त्या महिन्यात मला अशा आणखी सात जोड्या सापडल्या. सात बायका, चौदा कार्डं. खण उगाच भरले नव्हते.

विंचवाच्या गोंदणाची ती बाई दीड वर्ष येत राहिली. तिची दोन्ही कार्डं मी दोऱ्याने एकत्र शिवली होती. शेवटच्या दिवशी 'बरी झाली' लिहायला पेन उचललं आणि विचारलं, कोणत्या नावावर लिहू? तोवर सासरी दुसरी बायको आली होती.

"सासरचीले त त्याहीनंच इथं राहत नाई म्हनून लिवून देलं," ती म्हणाली. "माहेरचीच्या नावावर लिवा. आन त्याहीले एक कारड टाका."

मी दवाखान्याचा शिक्का मारून पोस्टकार्ड लिहिलं: 'आपल्या येथे न राहणारी बाई बरी झाली आहे.' पेटीत तिने स्वतःच्या हाताने टाकलं, त्याच विंचवाच्या हाताने.