पुसल्याबिगर पुसू नको

सदा गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या हातात त्याचाच पेनड्राइव्ह होता. आदल्या दिवसापासून लॅपटॉप अडला होता आणि दुकान उघडलं की सदाला विचारू, एवढाच माझा बेत होता. त्याला पाच आठवडे झाले... लॅपटॉप अजून तसाच आहे.

सदाचं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तो मुरगूडचा, मी शिरोळचा. कॉलेजात एका बाकावर बसलो ते कायमचे चिकटलो. मी मराठीचा मास्तर. आमच्याकडचे बोलीतले शब्द नऊ वर्षं गोळा करत होतो आणि ते सगळे त्या एकाच लॅपटॉपवर. दुसरी प्रत ठेव, असं सदा सारखा बजावायचा. मी नुसता हो म्हणायचो.

एकदा विंडोजनं मान टाकली. यंत्र एवढंसं, त्याला सीडी घालायची सोयच नाही. शब्द गेले की काय, या धास्तीनं मी तसाच सदाच्या दुकानात गेलो. सदानं तपासून सांगितलं, "शब्द हायत सगळं." मग पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स भरून तो माझ्या हातात ठेवला. ज्याचं यंत्र त्यानंच शिकावं, हा त्याचा हट्ट. "घरी जाऊन तूच घाल. कुठं अडलं तर आधी पुस, मग एंटर मार."

घरी पेनड्राइव्ह लावला आणि यंत्र त्यावरून सुरू केलं. तळहात घामेजले होते. तीन-चार पायऱ्या सरळ गेल्या, मग पडद्यानं विचारलं, जुनं राहू द्यायचं की अख्खी डिस्क पुसायची? इथं अडलं. सदाचं वाक्य कानात होतंच. मी पुसलं आणि एंटर मारलं.

"पुस म्हंजे इचार, मर्दा!" सदा फोनवर ओरडला. "शिरोळचा न्हवं तू? तुझी आय काय म्हणत हुती?"

आई 'पुस'च म्हणायची. डॉक्टरला पुस, मास्तरला पुस. बोली गोळा करत फिरणाऱ्या मला घरातलाच शब्द कळला नाही... मी खुर्चीत बसून चक्क रडलो.

तासाभरात सदा स्कूटरवरून आला. खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढून म्हणाला, "तपासतानाच शब्द उतरून ठेवलंतं. तुला वळखतो की." शिव्या मात्र पोटभर घातल्या. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवर पांढरी पट्टी चिकटवून पेननं लिहिलं, 'पुसल्याबिगर पुसू नको'. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी पुसत आलो. तो वैतागायचा, पण फोन उचलायचा.

आता पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आहे. शब्दांच्या तीन प्रती आहेत, तरी बोट एंटरपर्यंत जाऊन माघारी येतं. काल न राहवून त्याचा नंबर लावला. मुलीनं उचलला.

"काय पुसायचं हुतं, काका?"

"काय न्हाय, पोरी," म्हणालो. पट्टीवरची शाई माझ्या ओल्या बोटांनी फिकट होत चालली आहे. हल्ली मी पेनड्राइव्ह कडेनंच धरतो.