शंभर दंड आणि एक शेर दूध

१९६१ साली माझं वजन एकशे अठ्ठ्याण्णव पौंड होतं. भिलाईत तेव्हा सगळंच वाढत होतं, भट्ट्या, चिमण्या, सेक्टर. मीही मागे राहिलो नाही, एवढंच. भंडाऱ्याहून आलो तेव्हा छाती पुढे होती. चार वर्षं टाइम ऑफिसात बसून लोकांच्या हजेऱ्या लावता लावता तिची जागा पोटाने घेतली.

नोकरीत कायम करण्याआधी डॉक्टरी तपासणी असे. तिच्यात आम्ही दोघं अडकलो, मी आणि माझा शेजारी, स्टोअरमधला केवलराम. दोघांचाही रक्तदाब जास्त, दोघांच्याही लघवीत साखर. डॉक्टरांनी जिना चढायला लावला, तेव्हा मी वर पोचलो पण श्वास खालीच राहिला. तीन महिन्यांत व्यायाम करून वजन उतरवा, नाहीतर 'अनफिट' लिहावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अनफिट म्हणजे नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि सुशीला व दोन पोरींना घेऊन थोरल्या भावाच्या दारात उभं राहणं आलं. गाव सोडताना हाच भाऊ मला म्हणाला होता की महिनाभरात परत येशील.

केवलरामाने चालणं आणि सायकल धरली. सकाळी दुर्गच्या रस्त्याने तासभर झपाझप चाले, मग सायकलने ड्यूटीवर. मला हसू आलं. चालणं हा काय व्यायाम झाला? पोस्टमनही चालतो. मी आखाड्याच्या गावचा. आखाड्यात मी फक्त कडेला बसून बघायचो, पण हे भिलाईत कोणाला माहीत होतं? व्यायाम म्हणजे दंड-बैठका, आणि खुराकाशिवाय दंड काढले की शरीर जळतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून रोज शेरभर दूध, त्यात चमचाभर तूप, वर भिजवलेले हरभरे आणि गूळ. हे खायला डॉक्टरांनी सांगितलं का, असं सुशीलाने एकदाच विचारलं. मी तिला आखाड्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा लोटा माझ्यासमोर येऊ लागला.

पहिल्या दिवशी सात दंड झाले. आठव्याला जमिनीवरच राहिलो आणि सुशीला आली तेव्हा खाटेखाली चप्पल शोधतोय असं सांगितलं. पण नेट सोडला नाही. महिना-दीड महिन्यात शंभरावर पोचलो, बाहू टणक झाले. केवलरामाचे गाल मात्र बसत चालले होते. "शामभाऊ, मी वाळून तं नाही ना राहिलो?" असं त्याने काळजीने विचारलं. वाळतोयस, असं मी मोठ्या गांभीर्याने सांगितलं.

दीड महिन्याने मधली तपासणी झाली. केवलराम अकरा पौंड उतरला होता, रक्तदाबही खाली. मी सहा पौंड चढलो होतो. डॉक्टरांनी मला काट्यावरून उतरवलं, पुन्हा चढवलं. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम. काय खाता, असं विचारल्यावर मी खुराक अभिमानाने सांगितला, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. दंडाने अंगात ताकद येते, ते सोडू नका, पण हृदयासाठी, दम लागेल असं चालणं पाहिजे, असं ते हिंदीत समजावू लागले. दोन्ही करा आणि खुराक आजपासून बंद. शेवटी, तुमची कुस्ती नेमकी कोणाशी आहे, असंही विचारलं.

पुढे आम्ही दोघंही पास झालो, ते इथेच सांगून टाकतो. मी केवलरामासोबत चालू लागलो, तो माझ्याकडून दंड शिकला. कायम झाल्याचं पत्र भावाला लिहिलं, चांगलं चार पानी. त्या मधल्या तपासणीच्या दिवशी संध्याकाळी घरी जे झालं, ते मात्र त्या चार पानांत लिहिलं नाही.

सुशीला दूध तापवत होती. आजपासून मला दूध नको, डॉक्टरांनी बंद केलंय, असं मी म्हणालो. तिने भांडं उतरवलं.

"बरं झालं, अजी. दीड महिना झाला, पोरींच्या तोंडाले दूध नाही लागलं. घरात येतेच एक शेर."

आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुमची नोकरी जाऊन राहिली होती. मी कायले बोलू?"

दुधवाल्याकडून माझ्यासाठी वेगळं दूध येतं, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नव्हतं. मला माझीच लाज वाटली, मान वर करवेना.

तिने दोन पेल्यांत दूध ओतलं. धाकटी नलू, चार वर्षांची, तिने आपला पेला दोन्ही हातांनी उचलला आणि न सांडता, जपून पावलं टाकत माझ्यापाशी आणून ठेवला.

"बाबा, तुमचं दूध."

"तुलेच आहे, बाई. पी."

तिचा विश्वास बसला नाही. ती आईकडे बघत राहिली. आईने मान हलवली, तेव्हा कुठे तिने पेला तोंडाला लावला आणि मधे श्वाससुद्धा न घेता सगळं दूध पिऊन टाकलं.