एका जहाजाची तीन नावं

आधी हैदराबादेत चिक्कडपल्लीला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं सांगतो, मग गुन्ह्याचं. त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायचो. दहावीनंतर शाळा सुटलेला, लातूरकडून आलेला माणूस मी. पोलिसात लागलो तरी जबाब लिहिताना ओळीओळीत खाडाखोड व्हायची. बाईंनी मला लिहायला शिकवलं. हा गुन्हाही त्यांच्यामुळेच उघडकीस आला, आणि निवृत्त झालो तरी तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानी काम करणारा एक बाप रोज ठाण्यात यायचा. हिमायतनगरच्या एका एजंटानं त्याच्या पोराला मोठ्या प्रवासी जहाजावर वेटर म्हणून पाठवलं होतं. पुढं पोराचा फोनच बंद झाला.

"साब, जहाजाचा पत्ता द्या ना. एवढं मोठं जहाज, कुठंतरी उभं असंलच की."

"समुद्राला पिनकोड नसतो, काका," ठाणे अंमलदार म्हणाला. बाप हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर.

मग खबर लागली की एजंट आणखी पोरं रवाना करतोय. छापा घातला, पासपोर्ट जप्त केले. एजंट मात्र निवांत. टेबलावर तीन रंगीत पत्रकं ठेवून म्हणाला, "तीन जहाजां हैं साब. उनका छोरा किस पे है, कंपनी जाने." एकावर पांढरं जहाज, एकावर निळं, एकावर लाल. तीन नावं. पत्रव्यवहारात महिने जातात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पत्रकांच्या प्रती मी बाईंना दाखवल्या.

"अरे जमादार, हे एकच जहाज आहे. मुलीकडे परदेशी गेले तेव्हा एक रात्र यातच काढली होती. जिन्याच्या भिंतीवरचं फरश्यांचं चित्र बघ. माशाची शेपटी उलटी बसवलीय. तिन्हींत."

"पण नावं वेगळी आहेत, बाई."

"लग्नात माझंही बदललं होतं. बाई तीच राहिली ना?"

वरिष्ठांमार्फत विचारणा केली. उत्तरेकडच्या थंड देशात बांधलेलं ते जहाज. पोटात मोटारी, वर माणसं, जेवणघर, नाचघर. रात्री निघून सकाळी दुसऱ्या देशाला लागायचं. जुनं झाल्यावर विकलं, रंग आणि नाव बदलून बेटांवर पर्यटक नेऊ लागलं. पुन्हा विकलं, तिसरं नाव. शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर ओढून कापलं. पोरगा हैदराबादहून निघाला त्याच्या आधीच ते भंगारात गेलं होतं.

चौकशीत तिन्ही शेपट्यांवर बोट ठेवलं, शेजारी जहाज भंगारात गेल्याचा कागद. एजंटानं पाणी मागितलं. पाणी मागणारा माणूस बोलतो, हा माझा अनुभव. पोराला आखातातल्या एका दलालाच्या हवाली केलं होतं. पोरगा तिथं मालवाहू बोटींच्या तेलाच्या टाक्या धुत होता.

दूतावासामार्फत पोरगा परत आला, खोकत. बापानं ठाण्यातच विचारलं, "जहाज बघितलंस का रे?"

"आतून बघितलं," पोरगा म्हणाला. "अंधार होता."

एजंट जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे, आणि दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकानही. पाटी नवी, नाव नवं. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं: पाटी वाचून माणूस कळत नाही, आत जाऊन भिंती बघाव्या लागतात. आणि बघितल्या तरी पाटी उतरतेच असं नाही.

फायलीत बाईंचा उल्लेख कुठंच नाही. आता त्यांना नीट दिसत नाही. परवा म्हणाल्या, "एकदा पुन्हा डेकवर उभं राहायचं होतं रे." माझे पाय अजून धड आहेत. ते जहाज नाही उरलं, पण बाईंना एकदा दुसऱ्या एखाद्या जहाजातून फिरवून आणीन. भिंतीवर काय उलटं बसलंय, ते या खेपेला मी बघून सांगेन.