वहिनींना रोबोची सवय

किस्से जमवावे लागत नाहीत. तीन म्हातारे, एक टीव्ही आणि चार वाजताचा चहा एका खोलीत ठेवला की ते आपोआप साचतात, पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पीएच.डी. केली, पण या खोलीत माझं एकही वाक्य धड टिकलेलं नाही. हे लिहितानाही धाकधूक आहेच.

खोली सुभेदारांची, सांगलीच्या विश्रामबागेतली. सुभेदार मूळचे उंब्रजचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गुडघ्यांनी बेजार. खुर्चीतून उठायचं तर दोघांनी धरावं लागायचं! डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलू, ऑपरेशनला रोबो मदत करेल. वहिनी म्हणाल्या, "यंत्राला हात लावू द्यायची न्हाई."

मग सुभेदारांनी मोहीम आखली. अवकाशात हरवलेल्या कुटुंबाची एक मालिका आम्ही तरुणपणी पाहिली होती. तिच्यात पत्र्याच्या पिंपासारखा एक रोबो होता, गाईसारखा गरीब. आता ती मालिका नव्यानं आलीय.

"सर, हिला रोज एक भाग दावायचा. रोबोची सवय लागली की भीती जाईल!"

*

नवं यान इतकं खरं दिसत होतं की मी हरखून गेलो. सुभेदार मात्र नाराज.

"जुन्यात यान टांगलेली दोरी दिसायची. जिवाला बरं वाटायचं. ह्याला दोरीच न्हाई! पडलं म्हंजे?"

*

आमच्यातले तिसरे कांबळे, एसटीच्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक होते. एका ग्रहावर यान बंद पडलं, अख्खं कुटुंब रडायला लागलं. कांबळे ओरडले, "रडताय काय? आदी बॅटरीचं टर्मिनल बघा की रं!"

पुढच्याच सीनला थोरल्या मुलीनं एक वायर काढली, घासली, परत बसवली. यान सुरू!

कांबळ्यांनी चहा खाली ठेवून आम्हा सगळ्यांशी शेकहँड केला. तेव्हापासून यान बंद पडलं की वहिनी टीव्हीकडे बघायच्याच नाहीत, कांबळ्यांकडे बघायच्या.

*

एकदा सुभेदारांनी मला विचारलं, "सर, अवकाशात आवाज येतो का वो?"

"नाही. हवाच नाही ना."

झालं! यान उडालं की सुभेदार टीव्ही म्यूट करायला लागले. दोन भाग आम्ही मुक्यानं पाहिले. पडद्यावर माणसं भांडत होती, मिठ्या मारत होती, कशासाठी ते कुणालाच कळेना. मला चूक दिसत होती, पण वाटलं, आपलंच काही राहिलं असेल.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "आवं, यानाच्या आत हवा हाय न्हवं? त्याबिगर ती माणसं जगली कशी? आतलं तरी ऐकू द्या!"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं.

*

नव्या मालिकेत यान आई चालवते. सुभेदार पुटपुटले, "म्हणून हरवलेत."

"व्हय का?" वहिनी म्हणाल्या. "लोणंदच्या लग्नाला म्हणून निघालो आन वाईत दुसऱ्याच्याच लग्नात जेवून आलो, तवा गाडी कोण चालवत हुतं?"

सुभेदारांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

सात भाग रोबो फार गुणी वागला. वहिनी त्याला "गुणाचं लेकरू" म्हणू लागल्या. सोमवारी ऑपरेशनच्या कागदांवर सही करायचं ठरलं. आणि शनिवारी, आठव्या भागात, त्याच रोबोनं दार लावून घेतलं आणि यान चालवणाऱ्या आईचा गळा धरला!

"ह्यो माझा गुडघा कापणार व्हय?"

सुभेदार पांढरेफटक. "जुन्यात आसं नव्हतं! लेकांनी बदललं! सर, तुमी सांगा हिला. दवाखान्यातला रोबो आसं करत न्हाई."

मला पूर्ण खात्री असल्याशिवाय बोलता येत नाही. मी म्हणालो, "बहुतेक नाही."

कांबळ्यांनी कपाळावर हात मारला. "सर, 'बहुतेक' कशाला म्हणलासा!"

ऑपरेशन रद्द. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

*

पुढं दुखणं फारच वाढलं, तेव्हा वहिनी आपणहून मिरजेच्या दवाखान्यात निघाल्या. आम्ही तिघं मागं. तिथं तो रोबो काचेच्या खोलीत ठेवलेला, शोरूममधल्या ट्रॅक्टरसारखा. वहिनींनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "एक गुडघा ह्याला द्या, एक तुमी नुसत्या हातानं करा. बगू कुणाचा चांगला व्हतोय."

डॉक्टर हसले. वहिनी हसल्या नाहीत. शेवटी तसंच ठरलं. आधी डावा झाला, काही महिन्यांनी उजवा.

परवा तपासणी होती. त्याच काचेसमोर डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता खरं सांगा. कुठला बरा? माझा का याचा?"

वहिनींनी एकवार काचेकडे पाहिलं. आत रोबोचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"हितं नगं. भाईर चला, सांगते."

आणि कुणाचाही हात न धरता त्या ताडताड दाराकडे निघाल्या. डॉक्टर मागोमाग.