खदानीतला वाळा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण अजूनही पाण्याचा पेला उचलला की आठवते, ती केस गवताच्या चोरीची. हसू नका, आधी आम्हीही हसलो होतो.

मी तेव्हा वऱ्हाडी मुलखातल्या मालेगाव तालुक्यात ठाणेदार होतो. ऐन उन्हाळा. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच कृषी महाविद्यालयातल्या एक बाई धापा टाकत आल्या. "साहेब, माझा वाळा कोणीतरी खणून नेला. मुळासकट!"

आमच्या हवालदारानं स्टेशन डायरी उघडली. "म्याडम, चोर दोन पायाचा का चार पायाचा?"

बाई हसल्या नाहीत. मेडशीजवळ एक बंद गिट्टी खदान होती. तिथं सुरुंगाची बारूद ठेवायचे, ती वर्षानुवर्षं मातीत मुरली. मातीतलं ते विष ओढून घ्यायला बाईंनी तिथं वाळा लावला होता. "ते मुळांत साठतं, साहेब. ती मुळं कोणी पाण्यात टाकली तर?"

आमचं हसू तिथंच विरलं. उन्हाळ्यात आपल्याकडं वाळा जातो कुठं? कूलरला, नाहीतर माठात.

थेट मेडशीच्या कूलरवाल्याला गाठलं. "वाळा कोठी हाय?" मी आवाज चढवला.

"बाप्पा! आता कोण वाळा लावते, साहेब? जाळीचे तयार पॅड आले. मले काहून दम देऊन राह्यले?"

तोंड चालू, पण नजर सारखी रस्त्यापलीकडं. चौकशीत मी नेहमी डोळे बघायचो.

"तिकडं काय पाहून राह्यला बे?"

"काई नाई... पाणपोईवाल्या मामानं सकाळी सुतळी नेली. वाळ्याच्या जुड्या बांधाले."

पलीकडं एसटी उभी होती, पाणपोईवर ही गर्दी. एक म्हातारी पेला ओठाला लावणार, तेवढ्यात मी धावत जाऊन तो हिसकावला आणि रांजण उपडा केला. लोक माझ्याच अंगावर आले. "पोलीसवाले पाणीबी पिऊ देत नाईत!"

मामा कळवळले. "दरसाल घरचा वाळा टाकतो, साहेब. औंदा माहा जळला. खदानीत हिरवागार दिसला, आणला. लोकाइले गार पाणी भेटावं म्हणून. मले आत टाका, पन पाणी कायले सांडलं?"

मी कारण सांगितलं. मामांनी लगेच रांजणातल्या जुड्या ओढून माझ्यापुढं टाकल्या.

"आधी कोणाले पाजलं का?"

"नाई, नाई! जुड्या आत्ताच सोडल्या. हा पैलाच पेला."

पंचनामा झाला, मुळं जप्त केली, नमुने तपासायला गेले. काही दिवसांनी बाईंचा फोन आला, तो ओरडतच. मुळं विषानं भरलेली निघाली, आणि जिथून ती खणली होती तिथली माती आधीपेक्षा स्वच्छ! "चोरी झाली नसती तर हे कळायला मी अजून एक पावसाळा थांबले असते, साहेब!"

कोर्टात बाईंनी मामांशी तडजोड केली. मग सगळ्या गावाला खदानीत नेऊन वाळा दाखवला. आधी तिथं फक्त कुंपण होतं आणि 'प्रवेश बंद'ची पाटी. पाटी बघून माणूस आत शिरतोच. कारण समजलं की तोच राखणीला बसतो. इतकी वर्षं वर्दी घालून जे कळलं नाही, ते मला त्या केसनं शिकवलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या पाणपोईवर थांबलो. पाणी साधंच, पण गार. एक प्रवासी कुरकुरत होता, "मामा, वाळा नाई टाकला? खदानीत तं भरून हाय!"

मामांनी त्याच्यावर डोळे वटारले. "त्याले हात नाई लावाचा. तो ड्युटीवर हाय."