होत आलंय, काका

सन २००७, पाडव्याचा दुसरा दिवस. अनामत रुपये अकरा हजार, रोख. हजर: मी, बुकिंगच्या खिडकीवरच्या ताई, सटाण्याकडचे एक वधूपिता आणि संगणकापुढे तो. शेवटचं बटण दाबायची वेळ आली तसे त्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले, तापल्या तव्याला बोट लागल्यावर उचलतो तसे, आणि हवेत धरून म्हणाला, "थांबा. लिहिलंय, पण पक्कं नाही केलं."

लग्न त्याचंच होतं. अनामत भरणारे त्याचे होणारे सासरे होते.

"अरे, मग कर ना पक्कं," मी म्हणालो.

"होत आलंय, काका."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटांकडे पाहिलं. त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट पक्की दिसत होती.

तुमच्याही माहितीत असा एखादा माणूस असेल. गवंडी असेल, शिंपी असेल. विचारलं की 'होत आलंय' म्हणणारा. फरक इतकाच की ते लोक काम झालेलं नसताना तसं म्हणतात. हा काम झालेलं असतानाही म्हणायचा. तीन वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं. 'झालं' हा साधा शब्द त्याच्या तोंडून काढताना माझं रक्त आटलं.

मी तेव्हा एका ट्रस्टच्या मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक होतो. खाली मोठा हॉल, वर छोटा हॉल, मागे स्वयंपाकघर. आमच्याकडे एक रीत होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाच्या सगळ्या तारखा एकदम खुल्या करायच्या. पहाटेपासून रांग लागायची. बुकिंग झालं की पावतीबरोबर पार्टीच्या हातात नारळ द्यायचा. एकदा दिलेला नारळ कार्यालय परत मागत नाही. माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी ते पाळलं, मीही पाळत होतो. रजिस्टरवर सगळं नीट चाललेलं असताना विश्वस्तांनी नाशिकरोडला दुसरी खिडकी उघडली. दोन रजिस्टरं फोनवरून जुळवता जुळवता मी टेकीला आलो. मग वेबसाइट करायचं ठरलं आणि कॉलेज रोडच्या एका दोन खोल्यांच्या कंपनीतून हा आमच्याकडे आला.

उंच, किडकिडीत. हेल्मेट डोक्यात, पण पट्टा कधी लावलेला नाही. चहाचा शेवटचा घोट कपात तसाच. ताई कप विसळताना रोज म्हणायच्या, "याच्या उरलेल्या चहात आणखी एका माणसाचं भागेल."

पहिल्याच हंगामात आमच्या संगणकात भुतं झाली. म्हणजे तारीख लाल दिसायची, भरलेली, पण कोणाच्या नावावर ते सापडायचं नाही. तेव्हा नाशिकला भारनियमन जोरात होतं. आमचा इन्व्हर्टर म्हातारा. ताई बुकिंग करत असताना लाईट गेली की अर्धं लिहिलेलं अर्धंच राहायचं. मी त्याला बोलावून चार शब्द सुनावले.

"काका, एक बुकिंग म्हणजे चार नोंदी," तो म्हणाला. "तारीख, हॉल, स्वयंपाकघर, अनामत. हे जे फ्रेमवर्क आहे, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, ते एकेक नोंद लिहितं आणि तिथल्या तिथे पक्की करून मोकळं होतं. दुसऱ्या नोंदीला लाईट गेली, तर पहिली अडकून बसते. आता चौघींना एका गाठोड्यात बांधतो. चारही लिहिल्या गेल्या तरच पक्कं. एक जरी अडली, तर चारही पुसून पहिल्यासारखं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचा नारळ. अर्धा नारळ देता का कोणाला?"

हे मला पटलं. भुतं गेली. पण त्या दिवसापासून गाठोडं त्याच्या अंगात शिरलं.

कोणाची तारीख हाताने दुरुस्त करायची असली की तो काळ्या पडद्यावर गाठोडं उघडायचा, दुरुस्ती लिहायचा, हात वर उचलायचा आणि म्हणायचा, "एकदा विचार करतो." विचार करायला तो मिसळ खायला जायचा. त्याला पुढे कळलं असेल, मला मात्र तेव्हाच कळलं, की त्याचं गाठोडं उघडं असेपर्यंत त्या नोंदींना दुसरं कोणी हात लावू शकत नाही. इकडे ताईंच्या पडद्यावर चक्र फिरत बसायचं. नाशिकरोडहून फोन यायचा, "तुमच्याकडे फिरतंय का?" ताई म्हणायच्या, "फिरतंय. तो जेवतोय." खिडकीबाहेर माणसं तिष्ठत उभी आणि हा दुकानात बसून कांदा जास्त मागतोय.

मी एकदा त्या दुकानातून त्याला उठवून आणला. "अर्धं ठेवून उठतोसच का?"

"पूर्ण खात्री नव्हती, काका."

"खात्री नव्हती तर मिसळ कशी गेली घशाखाली?"

तो हसला. रागावलेल्या माणसासमोर हसायचं नसतं, हेही त्याचं शिकायचं राहिलेलं होतं.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या पाडव्यानंतरच्या हंगामाची गोष्ट. आमच्या ऑफिसात गणपतीची तसबीर आहे. पार्टी लग्नाची पत्रिका छापून झाली की एक प्रत तिच्यापुढे ठेवून जाते. जानेवारीत मी सकाळी दिवा लावायला गेलो तर तसबिरीपुढे दोन पत्रिका. एक मखमलाबादच्या फुलवाल्या कुटुंबाची, दुसरी गंगापूर रोडच्या एका शिक्षिकाबाईंच्या मुलीची. दोन्हींवर तारीख एकच. मुहूर्तात पंधरा मिनिटांचा फरक. स्थळ दोन्हींवर आमचाच मोठा हॉल.

मी पडदा उघडला. तारीख लाल होती. एकदा भरली तरी लाल आणि दोनदा भरली तरी लालच. यादी काढली तेव्हा दोन्ही नावं खाली-वर दिसली, दोन्ही बुकिंगं पूर्ण, दोन्ही अनामती जमा. एक आमच्या खिडकीवरचं, एक नाशिकरोडचं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एकाच मिनिटाला केलेलं. दोन्ही घरांत आमचा नारळ गेलेला.

तो आला. त्याने दोन्ही नोंदींच्या वेळा ताडून पाहिल्या. मग म्हणाला, "दोन्ही खिडक्यांनी एकदमच बघितलं. दोघींना तारीख मोकळी दिसली. दोघींनी आपापलं गाठोडं पूर्ण केलं. गाठोड्यात चूक नाही, काका. तारीख बघतानाच तिला कुलूप लावून धरायला हवं होतं. ते राहिलं."

"राहिलं," मी म्हणालो. "आणि आता यातल्या कोणत्या मुलीला सांगू की तुझं लग्न रस्त्यात लाव?"

मुहूर्त दणकट होता. मी दुपारपर्यंत फोन केले. शहरातलं एकही कार्यालय रिकामं नव्हतं. पत्रिका छापलेल्या, निम्म्या वाटलेल्या. म्हणजे तारीख हलणार नव्हती आणि कार्यालयाचं नावही हलणार नव्हतं.

एक मार्ग होता. फुलवाल्यांचं सकाळी, बाईंचं संध्याकाळी गोरज मुहूर्तावर. दोन्ही पार्ट्यांना बोलावलं. बाई एकट्याच आल्या होत्या, हातात उन्हाची छत्री धरून. त्यांना नवरा नव्हता. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "चारला हॉल मोकळा मिळाला तर करते संध्याकाळी. पाहुण्यांना फोन करीन." मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच ताईंना सांगितलं, बाईंचं संध्याकाळचं लिहून टाका.

"थांबा," त्याचे हात वर. "दुसऱ्यांचं हो येईपर्यंत पहिल्यांचं हो धरायचं नाही."

बाहेरच्या खोलीत फुलवाल्यांचे थोरले बसले होते, गळ्यात उपरणं, पायात वहाणा तशाच. ते म्हणाले, "भाऊसाहेब, आमची हजार पानं उठायची. चारला हॉल कसा खाली करू? पाहुण्याला पानावरून उठवू का? नाय जमायचं."

मग त्याने मला बाईंकडे परत पाठवलं. तुमचं हो आम्ही धरलेलं नाही, सगळं जसं होतं तसं आहे, हे सांगायला. माझा तोल गेला. "चूक तुझी, तोंड माझं, आणि वर मलाच नियम शिकवतोस?"

"त्या आता घरी जाऊन पाहुण्यांना फोन करतील, काका," तो हळूच म्हणाला. "मग त्यांचंही मोडेल आणि यांचंही जुळणार नाही."

मी गेलो, सांगितलं. बाईंनी छत्री उघडली, मिटली, आणि त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या. 

परत आलो तो चिडूनच. "वरचा हॉल त्या दिवशी कोणाकडे आहे?" मी ताईंना विचारलं. बाईंची पानं दोनशे. वर सहज मावली असती. पत्ता तोच, मुहूर्त तोच.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पडद्यावर यादी खाली सरकवली, जणू त्याला माहीतच नव्हतं.

"माझ्याकडे," तो म्हणाला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचे ते अकरा हजार आणि शेवटी पक्कं झाल्यावर दिलेला नारळ मला तेव्हा आठवले. मुहूर्त चांगला म्हणून त्यानेही तोच दिवस धरला होता.

"तुझ्या पत्रिका?" मी विचारलं. लग्न महिन्यावर आलेलं. छापखान्यातून नमुना येऊन पंधरवडा झालेला. सासऱ्यांचे दोन फोन तर माझ्यासमोर आलेले.

"होत आलंय," तो म्हणाला. म्हणजे नमुना अजून त्याच्या खिशात होता.

या माणसाच्या या सवयीपायी मी तीन वर्षं दात-ओठ खाल्ले होते. आज त्या तीन लग्नांपैकी त्याच सवयीमुळे एकाचीच पत्रिका छापायची राहिली होती. मला त्याचं कौतुक वाटलं असं मी म्हणणार नाही. मला अजूनच संताप आला.

त्याने बाहेर जाऊन सटाण्याला सासऱ्यांना फोन लावला. दार उघडंच होतं.

"मामा, हॉल गेला... नाही, माझ्यामुळेच... नाही, अनामत मिळेल... हो, तुम्हाला लोकांना सांगून झालंय, माहितीये मला, नाशिकला हॉल घेतलाय म्हणून... दारात मांडव घालू, मामा. तारीख तीच... तिला द्या ना फोन."

मग खूप वेळ तो नुसता हं हं करत होता. आत आला तेव्हा कान लाल झालेले.

"विचारलं का त्यांना?" ताई म्हणाल्या.

"मामा रागावलेत. ती म्हणाली, मांडवच बरा, निदान मैत्रिणींना येता येईल."

मग तो बसला. एका गाठोड्यात तीन गोष्टी लिहिल्या: स्वतःचं बुकिंग काढलं, बाईंचं वर नेलं, खाली फुलवाल्यांचं एकट्याचं ठेवलं. बाईंना आत बोलावून विचारलं. थोरल्यांना विचारलं. दोघांचं हो आलं. हात वर गेले. मी वाट पाहत होतो की आता थांबा म्हणणार, आता मिसळ खायला जाणार.

त्याने बटण दाबलं.

"झालं," तो म्हणाला.

त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. जाणार कसा? त्या दिवशी खाली हजार पानं, वर दोनशे. बाईंची मुलगी जिन्यावरून उतरताना माझ्या पाया पडली. मी घड्याळात पाहिलं. सटाण्याकडेही तेव्हाच अक्षता पडत असणार.

उन्हाळ्यात त्याने तारखेला कुलूप लावायचं काम पुरं केलं आणि बंगलोरला गेला. आता त्याच्या जागी येतो तो मुलगा सगळं वेळेत करतो, चहाही पूर्ण पितो. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

अनामतीचं मात्र लोंबकळत राहिलं. पार्टीने रद्द केलं तर दोन हजार कापायचे, असा नियम. विश्वस्त म्हणाले, रद्द त्यानेच केलं. मी म्हणालो, दिलेला नारळ आपण परत घेतला आहे, कापायचे तर माझ्या पगारातून कापा. तीन बैठकांनंतर मान्य झालं.

पैसे न्यायला सासरे स्वतः आले. मी खुर्ची दिली, चहा सांगितला, जावई कसा आहे विचारलं.

"जावई चांगला शे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पण काही इचारलं का एकच उत्तर. परवा फोनवर म्हटलं, पाळण्याचं काही हाय का नाय? तर म्हणे, होत आलंय."

ते हसले. मी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या. परतफेड रुपये अकरा हजार, कपात नाही. घेणार: वधूपिता. हजर: ते, ताई आणि मी.